बाबांची रोजची झोपेची गोळी भुलीच्या डॉक्टरला सांगितलीच नाही, सकाळी ऑपरेशन आहे

पऱ्हाटी (रात्री ९:५०)
मंडळी, मोबाईलवरून घाईत लिहून राहिलो, चुका समजून घ्या. बाबा ७१ वर्षांचे, गाव दारव्ह्याकडे. परवा पहाटे ४ वाजता लघवीसाठी उठले, अंधारात गोठ्याजवळच्या ओट्यावरून पडले अन् खुबा मोडला. यवतमाळात आणून भरती केलं, एक्सरे झाला, गोळा बदलावा लागते म्हणाले. उद्या सकाळी ९ चा नंबर आहे.

आज दुपारी भुलीचे डॉक्टर येऊन गेले. बीपी, शुगर, दमा, आधीचं ऑपरेशन, कवळी, तंबाखू-दारू, रोजची गोळी, सगळं विचारलं. मोठे भाऊ बाजूला उभे होते, त्यांनी झटक्यात सांगून टाकलं, काही नाही सर, आमचे बाबा माळकरी आहेत. माळ होती हे खरं आहे. पण आई गेल्यावर ती खुंटीला गेली त्याला ६ वर्षं झाली. तेव्हापासून रोज रात्री झोपेची गोळी लागते, अल्प्राझोलाम ०.५. अर्धीपासून सुरू झाली होती, आता एक, कधी दीड. मेडिकलवाला ओळखीचा, चिठ्ठी मागत नाही, पत्ता कापून देते. आठवड्यातून चार-पाच दिवस संध्याकाळी पव्वा. खर्रा (सुपारी-तंबाखू) तर दिवसभर.

दोन रात्री गोळी नाही अन् पव्वा पण नाही, आज तिसरी रात्र. कालपासून डोळ्याला डोळा नाही, हात थरथरतात, अंगाला घाम. आता तासाभरापूर्वी मला विचारत होते, ह्या शेळ्या वार्डात कोणं सोडल्या. सलाईन ओढू पाहतात. सिस्टर म्हणे म्हाताऱ्या माणसाचं असं होते. भाऊ म्हणतात आता तोंड उघडू नको, ऑपरेशन कॅन्सल होईन, फुले योजनेचं अप्रूव्हल मोठ्या मुश्किलीनं आलं. अन् वहिनीच्या पर्समध्ये गोळीचा पत्ता आहे, ती म्हणते घोटभर पाण्यासोबत देऊन टाका, शांत झोपतीन. देऊ का? कोणाले अनुभव असेल तर लवकर सांगा.

ठेचा_भाकर (९:५४)
देऊ नको बाप्पा. आन लपवू पण नको. सिस्टर ऐकत नसंन त ड्युटीवरच्या डॉक्टरले उठव.

गुंगीवाला (१०:०२)
पऱ्हाटी भाऊ, मी भूलतज्ज्ञ आहे, २० वर्षांच्या वर विदर्भातच काम केलंय. हा मेसेज पूर्ण वाचायच्या आधी उठा आणि निवासी डॉक्टरांना बोलवा. तीनच वाक्यं सांगा: रोज अल्प्राझोलाम घेतात, दारू घेतात, तीन दिवसांपासून दोन्ही बंद आहे आणि आता भास होताहेत. बाकीचं नंतर वाचा.

आता बाकीच्यांसाठी लिहितो कारण हे घराघरात आहे. अल्प्राझोलाम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम आणि आम्ही ऑपरेशनला वापरतो ते मिडाझोलाम, ही सगळी एकाच घरातली भावंडं. मेंदूला जो नैसर्गिक ब्रेक असतो तो ही औषधं जास्त दाबतात. दारूही बऱ्यापैकी त्याच ठिकाणी काम करते. रोज कासरा ओढून धरला की बैल रोज जास्त जोर लावायला शिकतो, मग एके दिवशी तुम्ही कासरा अचानक सोडून दिला तर तो कुठं जाईल? तसंच होतं. झोप जाते, हात कापतात, घाम, धडधड, भास, आणि वाईटात वाईट म्हणजे झटके. दारूचं थरथरणं पहिल्याच दिवशी सुरू होऊ शकतं, झटक्याचा धोका साधारण पहिले दोन दिवस, आणि ज्याला आम्ही डेलिरियम ट्रेमेन्स म्हणतो, म्हणजे दारू सुटल्यावरचं थरथरणं-बरळणं, ते बहुतेक ४८ ते ७२ तासांच्या आसपास. तुमचे ७२ तास होत आलेत म्हणून मी घाई करतोय. हे जिवावर बेतू शकतं.

मग गोळी का देऊ नये असं म्हणाल. घोटभर पाण्याचा प्रश्न नाही, बीपीची गोळी तर आम्हीच सकाळी घोटभर पाण्यासोबत द्यायला लावतो. प्रश्न असा की त्यांना ह्याच औषधाची गरज लागेल कदाचित, पण किती, कोणतं, आणि बोटाला ऑक्सिजनचा क्लिप लावून कोणीतरी बघत असताना. तुम्ही गुपचूप दिली, रात्री सिस्टरनं दुखण्याचं इंजेक्शन दिलं, सकाळी आम्ही आमचं दिलं, तिन्ही मिळून जीभ मागं पडते आणि श्वास मंदावतो. दुसरं, माणूस बरळतोय त्याचं कारण दरवेळी नशा सुटणं नसतं. सोडियम कमी, साखर कमी, लघवी तुंबली, जंतुसंसर्ग, आणि मोठं हाड मोडलं की त्यातली चरबी रक्तातून फुप्फुसात जाते त्यानंही ऑक्सिजन पडतो आणि माणूस असाच बडबडतो. गोळी देऊन झोपवलं तर हे सगळं झाकलं जाईल.

पऱ्हाटी (१०:०९)
चाललो सर. भाऊ चिडले आहेत पण चाललो.

संत्राबर्फी (१०:१५)
देव करो सगळं नीट होवो. तुम्ही येईपर्यंत एक विचारते गुंगीवाला सरांना, खूप दिवसांचं मनात आहे. माझं सीझर झालं तेव्हा पाठीतली भूल होती, मी जागी होते, खूप भीती वाटत होती म्हणून म्हटलं मला झोपवा हो, तर डॉक्टर म्हणाले आधी बाळ बाहेर येऊ द्या मग देतो. बाळ आलं, मग काहीतरी सलाईनमध्ये सोडलं आणि मला बरं वाटलं. पण बाळ पहिल्यांदा माझ्या गालाला लावलं तो फोटो आहे, मी हसतेय, काहीतरी बोलतेय पण, आणि मला त्यातलं काही म्हणजे काही आठवत नाही. लेक आता ५ वर्षांची झाली तरी तो फोटो बघितला की चुटपुट लागते. हे कशानं?

गुंगीवाला (१०:२३)
बहुतेक मिडाझोलाम. त्याचा हा गुणधर्मच आहे, दिल्यानंतरचा काही वेळ मेंदूत नोंदलाच जात नाही. माणूस बोलतो, उत्तर देतो, हसतो, पण टेप चालू नसते. बाकी ऑपरेशनांत आम्हाला ते हवंच असतं, कोणाला हाडावर हातोडा मारल्याचा आवाज आठवणीत ठेवायचाय. पण सीझरमध्ये ह्याच कारणानं मी शक्यतो देत नाही, हात धरून बोलत बसतो. बाळ निघायच्या आधी नाही देत ते बरोबर होतं, नाळेतून बाळापर्यंत जातं आणि बाळ सुस्त निघू शकतं. तुमचे डॉक्टर चुकले असं नाही म्हणणार मी, तुम्हीच मागितलं होतं, पण आधी सांगायला हवं होतं की आठवण जाईल.

संत्राबर्फी (१०:२५)
एवढं तरी कळलं. मला वाटायचं माझ्यातच काही कमी आहे.

सत्यवक्ता_७७ (१०:३१)
हे सगळं डॉक्टर लोकांचं घाबरवून बिल वाढवायचं काम आहे. आमच्या आजोबानं पायाचा काटा चाकूनं स्वतः काढला होता, भूल नाही न् काही नाही.

ठेचा_भाकर (१०:३३)
काटा आन खुबा एक हाय काय बे.

निवृत्त_सिस्टर (१०:४०)
मी ३१ वर्षं सरकारी नोकरी केली, अर्धी ग्रामीण रुग्णालयात. आमच्या वेळी नसबंदीची शिबिरं लागायची, शाळेत सुद्धा, बाया रांगेनं. फोर्टविन-फेनरगन द्यायचे, म्हणजे दुखण्याचं एक आणि गुंगीचं एक, अन् पोटावर झायलोकेनचं इंजेक्शन. पूर्ण झोप नाही, पूर्ण जाग नाही. बाई बडबडायची, सासूला शिव्या द्यायची, आम्ही हसायचो पण मनातून धाकधूक असायची कारण बीपी बघायला एक जण अन् बाया तीस. फेनरगनची सुस्ती लवकर जात नाही, जीपमध्ये एकमेकींच्या खांद्यावर माना टाकून गावाला जायच्या. उलटी झाली अन् कूस बदलायला कोणी नसलं तर काय, हा विचार मला आता येतो. तेव्हा दिवसाचं टार्गेट असायचं.

पऱ्हाटी, सिस्टरवर रागावू नको. रात्री एका सिस्टरकडे किती पेशंट असतात हे मला माहीत आहे. पण "म्हाताऱ्याचं असं होते" हे उत्तर नाही, तू बरोबर केलं.

चुलीवरची_सून (१०:४७)
माझी आई ह्याच शिबिरात होती! तिला अजून आठवते की डॉक्टर अन् कंपाउंडर तुरीच्या भावाबद्दल बोलून राहिले होते अन् तिला म्हणायचं होतं की आमची पण विकायची आहे, पण जीभच उठे ना.

मोहफूल (१०:५५)
कुरखेड्याहून लिहितो. आमच्याकडं एक गोष्ट कोणी विचारत नाही अन् कोणी सांगत पण नाही, सिकलसेल. माझ्या भाच्याला हर्नियासाठी नेलं होतं, गुंगी देऊन करणार होते, सगळं ठरलं, आणि शेवटच्या वेळी एका शिकाऊ डॉक्टरीणबाईनं विचारलं सिकलिंग केली का. केली तर एसएस निघाला, म्हणजे पूर्ण आजार असलेला. मग रक्त तपासलं, सलाईन रात्रीपासूनच चालू ठेवली, ओटीतला (ऑपरेशन थिएटरमधला) एसी कमी केला, पांघरूण घातलं. त्या बाईला आम्ही पोरगी मानतो आता.

गुंगीवाला (११:०२)
मोहफूल, हे फार महत्त्वाचं. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर ह्या पट्ट्यात सिकलसेल भरपूर आहे. ऑक्सिजन कमी झाला, अंगातलं पाणी कमी झालं किंवा अंग गार पडलं की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि नसा अडवतात. आता बघा, गुंगी जास्त झाली की श्वास उथळ, म्हणजे ऑक्सिजन कमी. उपाशी ठेवलं रात्री ८ पासून दुपारी २ पर्यंत, म्हणजे पाणी कमी. ओटी थंडगार. तिन्ही गोष्टी आम्हीच करून ठेवतो. वाहक म्हणजे एएस असेल तर सहसा त्रास होत नाही पण माहीत असलेलं बरं.

उपाशी राहण्याबद्दल पण सांगून टाकतो, आपल्याकडे "रात्री ९ नंतर थेंब नाही" असं सांगतात आणि लोक मग दुपारपर्यंत कोरडे. जेवण ६ तास, तेलकट-मटण असेल तर ८. साधं पाणी मात्र २ तास आधीपर्यंत चालतं. आईचं दूध ४ तास. पोट रिकामं का, तर गुंगीत घशाचा पहारा झोपतो आणि पोटातलं वर येऊन फुप्फुसात जाऊ शकतं. पण तुमच्या डॉक्टरनं जे सांगितलं तेच पाळा, माझं वाचून पाणी पाजू नका, काही पेशंटचं पोट उशिरा रिकामं होतं.

खर्रामुक्त (११:१०)
खर्ऱ्याबद्दल कोणीच बोललं नाही म्हणून मी बोलतो. वय ३४, वणीचा. अपेंडिक्स फुगलं, रात्री नेलं. भूलवाल्या मॅडम म्हणे तोंड उघडा. उघडलं. म्हणे अजून. म्हटलं एवढंच उघडते मॅडम. त्यांनी स्वतःची बोटं घालून पाहिली, दीड बोट. त्यांचा चेहरा असा झाला की मला वाटलं अपेंडिक्सपेक्षा मोठं काही निघालं. मला माहीतच नव्हतं तोंड बंद होत चाललं, पाणीपुरी अख्खी जात नाही एवढंच लक्षात आलं होतं. १५ वर्षं खर्रा. मॅडम म्हणे तुला झोपवलं आणि श्वासाची नळी टाकायला जागा नाही मिळाली तर काय करू मी. मग पाठीतून भूल दिली, थोडी सुद्धा गुंगी दिली नाही, मी म्हटलं द्या न थोडी, भीती वाटते, तर म्हणे तुझं जागं राहणंच तुझा ऑक्सिजन आहे. पोट आतून ओढल्यासारखं होत होतं, दुखत नव्हतं पण मळमळ होती, मी हनुमान चालिसा म्हटली पूर्ण. दोनदा.

त्या दिवसापासून खर्रा बंद, पण तोंड काही पहिल्यासारखं उघडलं नाही.

गुंगीवाला (११:१८)
तीन बोटं. स्वतःची तीन बोटं उभी धरून तोंडात गेली पाहिजेत. घरोघरी आरशासमोर करून बघा आत्ताच. विदर्भात काम करणाऱ्या भूलवाल्याचं अर्धं आयुष्य ह्या सुपारी-तंबाखूनं आखडलेल्या तोंडांशी झगडण्यात जातं. गुंगीत जीभ मागं पडली की आम्ही जबडा उचलतो, नाहीतर नळी टाकतो. तोंडच उघडत नसेल तर नाकातून दुर्बिणीनं, पेशंट जागा असताना, ते यंत्र सगळीकडं नसतं. म्हणून त्या मॅडमनी गुंगी दिली नाही ते शहाणपण होतं.

(आणि कृपा करून ओटीत जाताना गालात खर्रा ठेवून जाऊ नका. हसू नका, मी काढलाय बोटानं.)

फवारणीवाला (११:२२)
कीटकनाशकाचा काही संबंध असतो काय? २०१७ मधी आमच्या जिल्ह्यात फवारणीची विषबाधा झाली तेव्हा मी पण भरती होतो. आता हायड्रोसिलचं सांगितलं.

गुंगीवाला (११:२७)
असतो. ऑर्गॅनोफॉस्फरस गटातली औषधं शरीरातलं एक एन्झाइम मारतात, आणि नळी टाकताना आम्ही स्नायू ढिले करायचं जे सक्सिनिलकोलिन देतो ते त्याच एन्झाइमनं तुटतं. ते नसेल तर पाच-दहा मिनिटांत उतरणारं औषध तासन्‌तास उतरत नाही, तेवढा वेळ श्वास मशीनवर. २०१७ चं आता काही उरलं नसेल, पण ह्या महिन्यात फवारणी केली असेल तर नक्की सांगा. दुसरी औषधं आहेत आमच्याकडं, फक्त कळायला पाहिजे.

टेकडीपार (११:३३)
मला खांदा बसवायला केटामाइन दिलं होतं. भाऊ, मी मेळघाटवरून उडत होतो. खाली स्वतःचंच प्रेत दिसलं, बाजूला काका रडून राहिले, एक वाघ मला इंग्रजीत काहीतरी समजावत होता. जागा झालो तर ओरडून घसा बसलेला. परत कोणी देईन तर मी हात मोडून घरीच बसतो.

गुंगीवाला (११:३८)
वाघ इंग्रजीत? पहिल्यांदाच ऐकलं. केटामाइनला नावं ठेवू नका, जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादीत आहे ते. श्वास बहुतेक चालू राहतो, बीपी पडत नाही, महागडं मशीन नसलेल्या ठिकाणी ह्याच औषधावर कितीतरी जीव वाचलेत. स्वप्नं पडतात खरी, म्हणून सोबत थोडं मिडाझोलाम देतात आणि जागं होताना आवाज-गडबड करत नाहीत. पुढच्या वेळी आधीच सांगा, दुसरं काही देतील.

निवांत_वाचक (११:४१)
ते दुधासारखं पांढरं असते ते कोणतं? मायकल जॅक्सनवालं?

गुंगीवाला (११:४४)
प्रोपोफॉल. हो, २००९ मध्ये तो गेला तो प्रोपोफॉल आणि सोबत दिलेली झोपेची औषधं, घरात, धड मॉनिटर नसताना. हातात जाताना झणझणतं, अर्ध्या मिनिटात झोप, आणि उठल्यावर लोक म्हणतात किती छान झोप लागली. मिडाझोलामवर उतारा आहे, फ्लुमाझेनिल. प्रोपोफॉलवर उतारा नाही, फक्त श्वास देत राहायचं आणि वाट बघायची. उतारा आहे म्हणून पण गाफील राहायचं नसतं, रोज अल्प्राझोलाम खाणाऱ्याला फ्लुमाझेनिल दिलं तर झटकेच येऊ शकतात. बघा, परत तिथंच आलो, आधी सांगितलेलं असलं पाहिजे.

वावरातली_वाट (११:५२)
आमच्या आजीची गोष्ट. पोटाचं ऑपरेशन झालं, दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिनं मेलेल्या नणंदेच्या आवाजात बोलायला सुरुवात केली. आवाजात म्हणजे, नणंदेला जशा शिव्या द्यायची सवय होती तशाच शिव्या. अख्खा वार्ड गोळा. काका गावावरून भगताचा अंगारा घेऊन आले, लावला, उशाला लिंबू. रात्री शिकाऊ डॉक्टर आला, त्यानं पोट दाबून पाहिलं, लघवी तुंबून पोट टम्म. नळी टाकली तर पिशवी भरली. दोन तासात आजी म्हणते, हे लिंबू कोणं ठेवलं, सरबत तरी करून द्या.

काका अजून म्हणतात अंगाऱ्यानंच झालं.

पऱ्हाटी (रात्री १:३५)
आता थोडं शांत आहे म्हणून लिहितो. निवासी डॉक्टर मॅडम आल्या, मी सगळं सांगितलं, पव्व्यासहित. भाऊ मान खाली घालून उभे. मॅडम रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या बरं झालं आत्ता सांगितलं, ओटीत टेबलावर झटका आला असता तर मला कळलं नसतं कशानं. साखर पाहिली, रक्त पाठवलं सोडियमसाठी, छाती ऐकली, लघवीला नळी टाकली, बोटाला क्लिप लावला. लोराझेपामचं छोटं इंजेक्शन दिलं हळूहळू, अन् एक व्हिटॅमिनचं, थायमिन म्हणे, पिणाऱ्या माणसाले साखरेची सलाईन लावायच्या आधी हे द्यायचं असते. भुलीच्या डॉक्टरले फोन केला. सकाळचं पुढं ढकललं, सोडियम कमी निघालं आहे थोडं, ते सुधरलं की परवा. भाऊ बोलले नाहीत माझ्याशी. चहा मात्र आणून दिला.

गुंगीवाला (सकाळी ६:१०)
उत्तम. खुब्याचं फार लांबवू नये, एक-दोन दिवसात झालेलं बरं, पडून राहिलं की छातीत कफ, पाठीला जखमा. पण हे थांबणं योग्य होतं. एरवी ह्या वयात आम्ही झोपेच्या गोळीच्या घरातली औषधं टाळतो कारण त्यानं गोंधळ वाढतो. पण जो आधीपासून रोज घेतोय त्याची अचानक बंद करणं त्याहून वाईट. दोन्ही वाक्यं एकदम खरी आहेत, म्हणूनच कोण काय खातं हे माहीत पाहिजे.

आणि एक, पहाटे ४ ला अंधारात पडले म्हणालात न. म्हाताऱ्या माणसात ह्या गोळ्यांनी तोल जातो, रात्री उठल्यावर पडणं आणि खुबा मोडणं वाढतं. ओट्याला दोष देण्याआधी तेही बघा.

पऱ्हाटी (६:२५)
हे डोक्यातच आलं नव्हतं सर.

चुलीवरची_सून (सकाळी ८:०५)
पूर्ण भूल घ्यायची की पाठीतली? पाठीतल्या इंजेक्शननं कंबर जन्मभर दुखते म्हणतात.

गुंगीवाला (८:२०)
ते डॉक्टर ठरवतील. जन्मभर कंबर दुखते हे सुई फार बारीक असल्यानं पटत नाही, काही दिवस टोचल्या जागी दुखेल, थोड्यांचं डोकं दुखतं. गोंधळाच्या बाबतीत मोठ्या अभ्यासांत दोन्हींत विशेष फरक दिसला नाही. फरक पडतो तो नंतरच्या काळजीनं. चष्मा लगेच डोळ्यावर, कानाचं मशीन कानात, घरचं एक ओळखीचं माणूस सतत, दिवसा खिडकी उघडी, रात्री उगाच उठवायचं नाही, दुखणं दाबून ठेवायचं नाही, संडास साफ. चष्मा अन् मशीन नातेवाईक जपून पिशवीत ठेवतात आणि मग म्हणतात बाबा ओळखत नाहीत. दिसतच नाही तर ओळखतील कसे.

पऱ्हाटी (तीन दिवसांनी, संध्याकाळी)
ऑपरेशन झालं काल. आधी जांघेत सुन्न करायचं इंजेक्शन दिलं की बसवताना दुखू नये, मग पाठीतली भूल, गुंगी अगदी नावाला. बाबांचं तोंड दोनच बोटं उघडते हे पण तेव्हाच समजलं आम्हाले. रात्री थोडं बरळले, मला आईच्या नावानं हाक मारली, पण सकाळी चष्मा लावला अन् विचारलं दूध कोण काढून राहिलं घरी.

भुलीचे डॉक्टर राऊंडले आले तेव्हा त्यांनी बाबांनाच विचारलं, काका मी गोळी विचारली तेव्हा बोलले काहून नाही. बाबा म्हणे, तुमी औषध विचारलं. थे औषध थोडीच हाय साहेब, थे त झोप हाय. डॉक्टर काहीच बोलले नाहीत, खुर्ची ओढून बसले अन् मग पाच-दहा मिनिट आईबद्दलच बोलले दोघं.

मानसोपचाराच्या डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं आहे, गोळी एकदम बंद नाही, दर काही आठवड्यांनी थोडी थोडी कमी. पव्व्याचं पाहू म्हणतात बाबा.

निवृत्त_सिस्टर (त्याच रात्री)
छान. आता महिना-दीड महिना रात्री लघवीला एकट्यानं उठू देऊ नको, खाटेजवळ भांडं ठेव, बल्ब चालू ठेव. आणि एक, ऑपरेशनच्या दिवशी गुंगीत अंगठा-सही घेऊ नका कोणत्याच कागदावर. २४ तास नाही. मी बघितलंय सातबाऱ्याची कामं उरकताना लोकं.

पऱ्हाटी (त्याच रात्री)
हो ताई. भाऊ काल गावी गेले होते दूध काढायला, मेडिकलवाल्यानं हाक मारून पत्ता हातात दिला, म्हणे काकांचा महिना झाला. भावानं परत दिला. मग परत गेले अन् चिठ्ठी दाखवून मोजून १४ घेतल्या, बिल मागितलं. मेडिकलवाला म्हणे बिल कायले पाहिजे तुले.

ठेचा_भाकर (त्याच रात्री)
आन ओट्याले पायरी बांध बावा, खर्च माझ्याकडून एक सिमेंटची बोरी.